सुट्टीत प्रेरणा कुठे शोधायची? कुडाळच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या पदवी अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष संपवून एक विद्यार्थी कुडाळ तालुक्यातील आपल्या गावी आला आहे. मे आणि जून हे दोन महिने हाताशी आहेत. तिसऱ्या वर्षी स्वतःचा तीन मिनिटांचा लघुपट करायचा आहे, पण एकही कल्पना सुचत नाही. वर्षभर काढलेले सारे जपानी मालिकांची नक्कल वाटते. लॅपटॉप जुना, इंटरनेट धड चालत नाही आणि गावात ‘पाहण्यासारखे काही नाही’. अशा परिस्थितीत प्रेरणा कशी मिळवावी, असे त्याने विचारले आहे.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझे मत त्याच्या अगदी उलट आहे. चित्र हलवायचे कसे आणि चित्रातून गोष्ट सांगायची कशी, या प्रश्नांची पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार झालेली उत्तरे तुमच्या घरापासून एसटीच्या एका तिकिटावर पाहायला मिळतात. त्यांच्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे. त्याआधी तुम्हाला काही सुचत का नाही, याबद्दल लिहिते.

वर्षभर आपण अ‍ॅनिमेशन पाहून अ‍ॅनिमेशन काढतो. पडद्यावरच्या धावणाऱ्या मुलीच्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे एकेका स्थिर चित्रात, कोणत्या तरी कलाकाराने निर्णय घेतलेला असतो: पाय इथेच टेकेल, केस इतकेच मागे राहतील, हा एक क्षण गाळला तरी चालेल. आपण ते पाहून काढतो तेव्हा हाताला सवय होते, पण निर्णय घेण्याची वेळ आपल्यावर येतच नाही. म्हणून कोरा कागद समोर आला की हात अडतो. तुमच्याकडे कल्पनाशक्ती कमी आहे, असे मला वाटत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेल्या हालचालींचा साठा कमी आहे, आणि तो दोन महिन्यांत नक्की वाढवता येतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी, कागदावर पेन्सिलीने काम चालत असताना, माझ्या पहिल्याच नोकरीत डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या म्हातारीचे दृश्य माझ्या वाट्याला आले. मी पुस्तकात शिकवतात तशी चाल काढली, दर पावलाला १२ फ्रेम, शरीर वर-खाली. ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांनी पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या रेखाटनांची हलती चाचणी, पाहिली आणि एवढेच विचारले, “चालणे दिसले, पण चालतंय कोण?” त्यानंतर तीन दिवस सकाळी लवकर उठून मी पाणवठ्याच्या वाटेवर बसले. हंडा घेतलेल्या बाईचे डोके जवळजवळ एका पातळीत राहते, शरीराचे वर-खाली होणे गुडघ्यात आणि कमरेत जिरते, पाऊल आखूड पडते आणि मोकळा हात नेहमीपेक्षा जास्त हलतो, हे मला तिथे कळले. चौथ्या दिवशी काढलेली चाल मंजूर झाली. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या तीन दिवसांत पाहिलेल्या एका बाईवरून पुढे माझ्या पहिल्या लघुपटाची कथा सुचली. कथा शोधायला मी गेलेच नव्हते.

तेव्हा पहिले दोन आठवडे लघुपटाचा विचार बाजूला ठेवा आणि केवळ हालचाल पाहा. वेंगुर्ल्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तिथे पहाटे जा. जाळ्याच्या दोन टोकांना माणसांच्या दोन रांगा असतात आणि सारी रांग मागे कललेली असते. त्या प्रत्येक शरीरातून टाचेपासून मानेपर्यंत जाणारी एकच रेष काढा, कपडे आणि चेहरा अजिबात काढू नका. एका माणसाला तीस सेकंदांहून जास्त देऊ नका. पन्नास माणसे झाली की तुमच्या लक्षात येईल, की जाळे हलके असताना ही रेष जवळजवळ उभी असते, भार वाढला की तिरपी होते आणि जाळे वाळूला लागले की तिला बाक येतो. वजन चित्रात दाखवता येत नाही, ते वाहणाऱ्याच्या शरीरातच दाखवावे लागते, हे वर्गात कितीही वेळा ऐकले तरी अशा ठिकाणी बसल्याशिवाय हातात उतरत नाही.

दुसरा अभ्यास थोड्या गणिताचा आहे. माडावरून नारळ पाडला जात असताना लांबून फोनवर चित्रण करा आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. दहा मीटरांवरून सुटलेला नारळ जमिनीवर यायला साधारण १.४ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने सुमारे ३४ फ्रेम. पहिल्या १२ फ्रेममध्ये तो जेमतेम सव्वा मीटर खाली येतो, २४ व्या फ्रेमला जवळजवळ पाच मीटर, आणि अगदी शेवटी एका फ्रेममध्ये सुमारे ६० सेंटिमीटर अंतर कापतो. लागोपाठच्या फ्रेममधल्या या बदलत्या अंतरालाच आपण स्पेसिंग म्हणतो. आता तोच नारळ कागदावर काढा आणि मग मुद्दाम चूक करा: सगळी अंतरे समान ठेवा. नारळाचा फुगा झालेला दिसेल. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, तेव्हा मोजताना तेवढा फरक धरा.

आता पिंगुळीबद्दल. कुडाळला लागूनच असलेल्या या गावात ठाकर आदिवासी समाजातील कलाकारांनी चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि कळसूत्री बाहुल्या या तीनही कला जपल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाचा या कलांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले आणि तिथे ही चित्रे व बाहुल्या पाहता येतात. तुम्ही शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आला असाल, आणि ‘आपली परंपरा’ म्हणून मान डोलावून परतलाही असाल. या वेळी अ‍ॅनिमेटर म्हणून जा, वही घेऊन जा आणि एका दिवसात एकाच कलेकडे पाहा.

चित्रकथीत रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची सुटी चित्रे एका पोथीत बांधलेली असतात. कलाकार एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने गात, सांगत कथा पुढे नेतो. स्थिर चित्र, आवाज आणि वेळ हे तीनच घटक. आपण स्टोरीबोर्डची, म्हणजे दृश्यांच्या कच्च्या आराखड्याची, चित्रे आवाजावर लावून अ‍ॅनिमॅटिक तयार करतो, त्याची रचना याहून वेगळी नाही. म्हणून तिथे बसल्यावर चित्रांच्या सौंदर्याकडे नंतर वळा, आधी घड्याळ पाहा. कोणते चित्र किती सेकंद समोर राहिले? कोणत्या शब्दावर बदलले? एखादे चित्र बराच वेळ धरून ठेवल्यावरही कंटाळा आला नसेल, तर त्या वेळात आवाजाने काय केले? माझे विद्यार्थी लघुपटात दर दोन सेकंदांनी दृश्य बदलतात, कारण स्थिर चित्राची त्यांना भीती वाटते. ती भीती घालवायला या कलेइतकी चांगली शाळा मला माहीत नाही.

छायाखेळात पाहायचे ते वेगळे. बाहुली पडद्याला टेकलेली असेल तर सावली लहान आणि रेखीव पडते, दिव्याकडे सरकली की मोठी आणि धूसर होते. कॅमेरा न हलवता पात्र जवळ आणण्याची ही युक्ती आहे. बाहुलीला सांधे किती आहेत, ते मोजून वहीत लिहा, आणि तेवढ्याच सांध्यांत राग, शरण जाणे, प्रवास हे कसे दाखवले जाते, याची नोंद करा. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी १९२६ साली कापलेल्या काळ्या आकृत्या तारेने जोडून, खालून उजेड दिलेल्या काचेवर ठेवून, वरून एकेक फ्रेम टिपत पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. काच, बल्ब, काळा कागद, तार आणि वर टांगलेला फोन एवढ्यावर तुम्ही घरी तोच प्रयोग करू शकता.

कळसूत्री बाहुलीचा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. बाहुलीला स्नायू नसतात आणि तिचे वजन दोरीवर लटकलेले असते, त्यामुळे तिचे पाय जमिनीवर खरोखर टेकत नाहीत. तरीही चांगल्या कलाकाराच्या हातात ती चालते, दमते, बसते. हे तो कसे साधतो? दोरी सैल सोडण्याच्या आणि थांबण्याच्या वेळेवर त्याची पकड असते. संगणकावरच्या त्रिमितीय पात्रांची नेमकी हीच अडचण आहे. नवख्याने हलवलेले पात्र जमिनीवर तरंगते. वर्गात मी ‘हिप्स खाली घे, थांब, मग पाय उचल’ असे सांगून दमते. विनंती करून परवानगी मिळाली तर बाहुली एकदा स्वतःच्या हातात धरून पाहा. दहा मिनिटांत बोटांना जे कळेल ते तासन्‌तास ट्यूटोरियल पाहून कळत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजते. पिंगुळीची शैली उचलून आपल्या लघुपटाला ‘लोककलेचा लुक’ देऊ नका. मोठे डोळे, ठसठशीत बाह्यरेषा, किनारीची नक्षी हे सारे संगणकात उतरवायला दोन दिवस पुरतात आणि त्यातून तुमचे असे काही तयार होत नाही. जपानी नक्कल सोडून दुसरी नक्कल सुरू होते, इतकेच. त्या घराण्यांचे जगणे या कलेवर आहे. प्रयोग पाहिलात तर मानधन द्या, चित्र आवडले तर विकत घ्या, चित्रणाआधी विचारा, आणि तुमच्या कामात त्यांच्याकडून काही आले असेल तर श्रेयनामावलीत नाव लिहा. त्यांच्याकडून घ्यायची ती विचार करण्याची पद्धत: कमी साधनांत कथा कशी उभी राहते, ती.

दशावतारी नाटके तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात, म्हणून कदाचित त्यांच्याकडे पाहणे थांबले असेल. कार्तिकापासून सुरू झालेला हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो, तेव्हा मे महिन्यात अजून एखाद-दुसरा प्रयोग मिळेल. लिहिलेली संहिता नाही, संवाद त्या त्या वेळी सुचतील तसे, नेपथ्य म्हणजे एक बाकडे, साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. पात्र प्रवेश करते तेव्हा पहिल्या पाच सेकंदांत, अजून एक शब्दही न बोलता, ते देव आहे की राक्षस की राजा, हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळते. कसे कळते, हे लिहून काढा: छाती कुठे, कोपर शरीरापासून किती दूर, पाऊल टाच आधी पडते की चवडा आधी. स्त्रीपार्टी नट पाहताना तर वही खाली ठेवूच नका. पुरुषाच्या शरीरातून स्त्री उभी करण्यासाठी त्याने असंख्य हालचालींतून मोजक्याच निवडलेल्या असतात, मान किती झुकवायची, पदर कोणत्या बोटांनी धरायचा. अशी निवड करून ती थोडी वाढवून दाखवणे, हेच तर आपले काम आहे. शक्य झाल्यास नाटकाआधी परवानगीने रंगपटातही बसा. हे नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात, आणि साध्या चेहऱ्यातून पात्र कोणत्या क्रमाने उगवते, हे पाहणे म्हणजे कॅरेक्टर डिझाइनचा तासच असतो.

सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात गंजिफा हे खेळायचे पारंपरिक पत्ते रंगवताना पाहा. दशावतारी गंजिफाच्या १२० गोल पानांत दहा अवतारांचे दहा संच असतात, प्रत्येकी बारा पानांचे. मुठीत मावणाऱ्या पानावर अवतार ओळखू यावा म्हणून चिन्ह आणि रंग यांची निवड कशी केली आहे, एवढेच पाहून परत या. अर्धा दिवस पुरे.

आता आवाज. बहुतेक विद्यार्थी चित्रे पूर्ण करून शेवटी आवाज शोधतात. तुम्ही या सुट्टीत उलटे करून पाहा, कारण तुमच्याकडे मालवणी आहे. देवळात गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा सांगणाऱ्याचा चढत जाणारा सूर आणि दर विरामाला जमलेल्यांचे “व्हय म्हाराजा” यांत तयार टायमिंग आहे: ताण, थांबा, मोकळे होणे. मानकऱ्यांना विचारून ते ध्वनिमुद्रित करा. नको म्हणाले तर आग्रह धरू नका, घरातल्या आजीचे मांजराशी चाललेले बोलणेही तितकेच चालेल. त्यातले पंधरा सेकंद निवडा, डोळे मिटून वीस वेळा ऐका आणि बोलणाऱ्याचे वजन कोणत्या शब्दावर पडते, तिथे कागदावर खूण करा. मग फक्त त्या खुणांची चित्रे काढा. ओठांच्या हालचालींकडे अजिबात वळू नका. मान, खांदे आणि भुवया यांत ते बोलणे आले असेल, तर ओठ नंतर सहज जुळतात.

लॅपटॉप जुना असल्याची खंत मला समजते, पण या टप्प्यावर ती खरी अडचण नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपून एक छोटा चित्रपट केला आणि तो दाखवून पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले. १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक फ्रेम हलवत ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. रोप आणि काडेपेटी आजही तुमच्या घरात आहेत.

घरी स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडीथोडी हलवत एकेक छायाचित्र टिपण्याचे काम, करताना मात्र तीन चुका टाळा. फोन हातात धरू नका, विटांच्या आधाराने किंवा पाटाला बांधून पक्का करा. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा, नाहीतर प्रत्येक चित्राचा उजेड वेगळा येऊन सारे लुकलुकते. आणि दिवसा खिडकीपाशी काम करू नका. ढग सरकला की तासाभराची मेहनत वाया जाते, म्हणून रात्री खिडक्या झाकून एका दिव्यावर काम करा. सेकंदाला बारा छायाचित्रे धरली तर दहा सेकंदांना १२० लागतात, म्हणजे एका रात्रीचे काम. रेखाटनासाठी क्रिता किंवा ओपनटून्झ ही विनामूल्य सॉफ्टवेअर जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालतात. तेही नको असेल तर बिलबुकाच्या कोऱ्या बाजूंवर फ्लिपबुक, म्हणजे पाने भराभर उलटली की हलणारी चित्रे, काढा.

हेच उत्तर वाचणारे काही विद्यार्थी कोकणातले नसतील. जव्हार-मोखाड्याकडे घर असेल तर बोहाड्याचे, म्हणजे तिथल्या लोकनाट्याचे, मुखवटे चुकवू नका. चेहरा गोठलेला असताना सारा अभिनय शरीराने कसा होतो, ते तिथे दिसते. मुंबईकरांनी राणीच्या बागेत पेंग्विनची चाल काढावी. पुणेकरांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रे पाहता येतील, आणि जून-जुलैत पालखी दिवे घाट चढत असेल तेव्हा एका जागी उभे राहून दोन तासांत जितक्या वेगवेगळ्या चाली दिसतात तितक्या वर्षभरात इतरत्र दिसत नाहीत.

तुमच्या लघुपटाबद्दलही थोडे लिहायला हवे. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी २,१६० चित्रे होतात, रंग आणि पार्श्वभूमी वेगळी. एकट्याने आणि इतर विषय सांभाळून हे करताना गुणवत्ता घसरते, असे मी दरवर्षी पाहते. नियम परवानगी देत असतील तर शिक्षकांशी बोलून एक ते दीड मिनिट मागून घ्या. कथा जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी ठरवू नका. तोवर वही भरली असेल. ती एका बैठकीत सलग चाळा आणि ज्या पानावर तुम्ही आपणहून पुन्हा पुन्हा परतलात, ते पान फाडून भिंतीवर लावा. तो माणूस तिथे का होता, त्याला काय हवे होते, आणि ते मिळण्याआधी काय झाले, एवढे तीन प्रश्न त्या पानाला विचारा. तीन प्रश्नांना उत्तरे मिळाली तर कथा आहे, न मिळाली तर दुसरे पान घ्या.

तेवढ्यात मृग लागेल. पहिली मोठी सर आली की ओसरीवर बसून पागोळ्या पाहा. पन्हळीच्या टोकाला थेंब किती वेळ लोंबतो, लांबट होतो, मान बारीक होते आणि मग तुटतो. तुटल्यावर वरचा भाग मागे उसळतो, ते साध्या डोळ्यांना दिसत नाही, फोनच्या स्लो मोशनमध्ये दिसते. तो थेंब बारा चित्रांत काढा, आणि जमला तर मला पाठवा.